आधी पासपोर्ट, मग मसाला

मी फटकळ आहे हे बोरिवलीत आमच्या गावठाणात कुणालाही विचारा, लगेच सांगतील. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, हिच्या जिभेला हाड नाही. असेना का! पण धंद्यात मी कुणाला कधी वाकडं बोलले नव्हते. त्या एप्रिलपर्यंत तरी नाही.

धंदा म्हणजे बाटलीचा मसाला. आम्ही ईस्ट इंडियन, इथले जुने ख्रिस्ती, आणि आमच्या घरात मटण असो, बोंबील असो की साधा वाटाणा, हाच मसाला पडतो. एप्रिलमध्ये मिरच्या आणायच्या, गच्चीवर कडक उन्हात वाळवायच्या, पंचवीसेक जिन्नस वेगवेगळे भाजायचे, उखळात कुटायचे आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचे. तपकिरीच का, तर उजेडानं रंग उडतो. हे सगळं मे महिन्यात आटपलं पाहिजे. हवेत एकदा दमटपणा आला की मिरची वाळत नाही, आणि ओल्या मिरचीचा मसाला चार महिन्यांत किडतो. म्हणजे ज्याला मसाला हवा त्यानं उन्हाळ्यातच सांगायचं, नाहीतर वर्षभर हात चोळत बसायचं. आता गिरणीतून दळून आणणारे पुष्कळ झालेत. आमच्या घरी अजून बायका बोलावून कुटून घेते मी, आणि तेच तर लोक मागतात.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आखातात. नवऱ्याचा शाळेतला दोस्त. तिकडे त्याचं कँटीन आहे, सगळे त्याला शेट म्हणतात, मीही म्हणते. शुक्रवारी सुट्टी असते तिकडे. त्या दिवशी वसईचे, गोव्याचे, मंगळूरचे लोक लांबून त्याच्याकडे जेवायला येतात, आणि ते आमच्या मसाल्यासाठी येतात असं तो स्वतःच सांगतो. दरवर्षी एप्रिलमध्ये त्याचा फोन येतो, “वहिनी, यंदा पण तेवढ्याच.” झालं, एवढीच ऑर्डर.

माझी नणंद त्याच्याच कँटीनमध्ये स्वयंपाक करते. करायची म्हणू या. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे ती पुष्कळ वर्षं आमच्यातच राहत होती. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, पण हाताला चव माझ्या दुप्पट. हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. शेटनं स्वयंपाकाला बाई मागितली तेव्हा तिनं स्वतःच हात वर केला. दोन वर्षांचं काँट्रॅक्ट होतं. दोनाची साडेतीन झाली तरी ती तिथेच होती.

त्या सकाळी तिचा आवाज आला व्हॉट्सॲपवर. तिकडून फुकटचे कॉल धड लागत नाहीत, म्हणून ती बोलणं रेकॉर्ड करून पाठवते. मी ओट्यापाशी धणे निवडत होते. ती म्हणत होती, “वहिनी, मी शेटला परत विचारलं गं. म्हणतो ईद होऊ दे. ईद झाली की म्हणतो दुसरी कुक मिळू दे. नंतर म्हणेल ख्रिसमस. मी म्हटलं, निदान पासपोर्ट तरी द्या माझा, माझ्याजवळ ठेवते. तर हसला. म्हणाला, तुझ्या वहिनीनंच सांगितलंय मला, हिच्या हातात देऊ नका म्हणून.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

कारण सांगितलं होतं मी. खरंच सांगितलं होतं. ती निघाली त्या आठवड्यात मीच शेटला फोन केला होता आणि म्हटलं होतं, पासपोर्ट तुम्हीच ठेवा हो, ही बया छत्री हरवते, चष्मा हरवते, एकदा चर्चमध्ये चप्पल विसरून आली. काळजीनंच म्हटलं होतं, देवाशपथ. आणि थोडा तोराही होता त्यात, खोटं कशाला बोलू, मोठ्या वहिनीचा तोरा. तिची सुटका मी माझ्या तोंडानं दुसऱ्याच्या तिजोरीत टाकली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दोन दिवसांनी शेटचा नेहमीचा फोन. “वहिनी, यंदा पण तेवढ्याच.”

मी म्हटलं, “शेट, यंदा एकही नाही.”

“का? मिरची महागली का?”

“मिरची आहे तिथेच आहे. माझ्या नणंदेचा पासपोर्ट तिच्या हातात द्या. दिलात की मसाला सुरू.”

तो आधी हसला. मग म्हणाला, “अहो, पासपोर्ट सेफ आहे माझ्याकडे. तुम्हीच बोलला होतात ना?”

“बोलले होते. चुकले. आता उलटं बोलतेय.”

“वहिनी, धंदा वेगळा आणि घरचं वेगळं. तुम्ही दोन्ही एकत्र करताय.”

“एकत्र तुम्ही केलंत, शेट. माझा मसाला आणि माझं माणूस एकाच किचनमध्ये ठेवलंत. मसाल्याला तुम्ही नीट कपाटात ठेवता, वास उडू नये म्हणून. आणि बाईला तिचं पुस्तक देत नाही?”

त्यानं फोन ठेवला. मी ओट्यावरची तीच ती जागा तीनदा पुसली. रागानं, भीतीनं, काय ते मला अजून कळलेलं नाही.

नवरा बाहेर बाकड्यावर बसून सगळं ऐकत होता. आत आला तो लालबुंद. “अगं, वाट लावलीस! तो माझा शाळेपासूनचा दोस्त. उद्या तिला त्रास दिला त्यानं तर?”

“तुझी बहीण आहे ना ती?”

“म्हणूनच म्हणतोय! गोडीत बोललो असतो मी.”

“दीड वर्ष गोडीतच बोलतोयस. डायबेटीस व्हायची पाळी आली.”

तो चहा न पिता निघून गेला. तो भित्रा नाही, फक्त कुणाशी तुटायला नको असतं त्याला. तीस वर्षं झाली, मला माहीत आहे. मलाही भीती होतीच की त्याचं म्हणणं खरं ठरेल. पण मी मनाशी धरलं होतं: नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि शेटचं नाक म्हणजे शुक्रवारची पंगत.

चार दिवस शेट गप्प. पाचव्या दिवशी कानावर आलं की त्यानं मागच्या गल्लीत फोन केला.

मागच्या गल्लीत एक बाई आहे, तीही मसाला करते आणि माझ्याइतकाच चांगला करते. सहा वर्षं आमचं बोलणं नव्हतं. एका लग्नात, अंघोळीसाठी विहिरीवरून पाणी आणतात, आम्ही उंबराचं पाणी म्हणतो, ते आणायला वाजतगाजत निघालो होतो तेव्हा, बँडच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणाली होती की मी मसाल्यात पीठ मिसळते. पीठ! शंभर माणसांत! तेव्हापासून रविवारी चर्चमध्ये मिस्साला एका बाकावर बसायची वेळ आली तरी आम्ही मध्ये एक माणूस ठेवून बसायचो.

तिनं माल दिला की माझा खेळ खलास. म्हणून मी पायात चपला घातल्या आणि गेले. ती ओटीवर मिरच्यांचे देठ काढत बसली होती. वर न बघताच म्हणाली, “ये. मला वाटलंच होतं येशील.”

“शेटचा फोन आला तुला?”

“आला. सगळी ऑर्डर मला देतोय. वर म्हणतो, तुझाच मसाला जास्त चांगला.”

“मग?”

“मग काय? गिऱ्हाईक चालत घरी आलंय, हाकलू?”

मी तिथेच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. मी काय बोलून बसले होते तेही. ती देठ काढत राहिली. मग म्हणाली, “आणि मी नाही म्हटलं तर मला काय मिळणार?”

“काही नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडे द्यायला काही नाही.”

“पीठ घालतेस की नाही ते तरी खरं सांग.”

“अगं बाई, गहू घालते! भाजून, सगळ्यांबरोबर कुटून. तुझी आई पण घालायची, माझ्या सासूला तिनंच शिकवलंय!”

ती एवढी हसली की मिरचीचा ठसका लागला तिला. मी आत जाऊन पाणी आणलं, जशी काय कालच त्या घरात येऊन गेले होते. पाणी पिऊन ती डोळे पुसत म्हणाली, “माझा नवरा होता तिकडे सात वर्षं. तुला माहीत आहे. बाप गेला तेव्हा आला नाही म्हणून अख्ख्या गावठाणानं नावं ठेवली त्याला. तू पण ठेवलीस. त्याचा पासपोर्ट साहेबाच्या कपाटात होता आणि साहेब सुट्टीवर. हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची त्याला. जा तू. माझ्याकडून एक बाटली पण जाणार नाही.”

मी नावं ठेवली होती, चांगली आठवतात मला. “माफ कर गं,” एवढंच म्हटलं.

“जा, जा. ऊन आहे तोवर मिरच्या बघ तुझ्या.”

तिनं नुसतं नाही म्हटलं नाही, तिनं फोन फिरवले. गोराई, मनोरी, उत्तन, जिथे जिथे तिचं कुणी मसाला करत होतं तिथे तिथे. आठवड्याभरात शेटला कळलं की यंदा त्याला हातकुटीचा मसाला मिळणं कठीण आहे. नवऱ्याकडे त्यानं तक्रार केली म्हणे, तुझी बायको युनियन लीडर झालीय. नवऱ्यानं मला ते सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग होता की कौतुक, कळेना. बहुतेक दोन्ही.

आमच्याकडे कुटणाऱ्या बायका आल्या तेव्हा त्यांनाही मी सांगून टाकलं, की सगळ्यात मोठी ऑर्डर अडकली आहे आणि माल कदाचित पडून राहील. त्यांतली वयानं मोठी होती ती म्हणाली, “आमचं काम थांबणार का?”

“नाही. कुटायचा सगळा. त्यानं नाही घेतला तर मी दारोदार विकेन, चारकोपपर्यंत पायी जाईन.”

“मग बोलतेस कशाला एवढं? जाळ कर.” मुसळं सुरू झाली. तीन बायका एका उखळाभोवती, एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर, चुकून एकमेकींना लागत नाही. मी भाजायला बसले. खोकून खोकून माझा जीव चालला होता आणि डोक्यात एकच, आज तरी फोन येऊ दे.

आला तो फोन नाही, नणंदेचा रेकॉर्ड केलेला आवाज, बारीक झालेला. शेट तिच्याशी बोलत नव्हता. बाकीचे नोकर तिला म्हणत होते, तुझ्यामुळे शुक्रवार बुडणार. “वहिनी, मला भीती वाटते गं. सोडून देतेस का?” असं तिनं विचारलं. मी उत्तर रेकॉर्ड करायला घेतलं, तीन वेळा पुसलं. शेवटी पाठवलं: “तू सोड म्हणालीस तर सोडते. तुझ्यावर आहे. माझ्यापुरतं विचारशील तर मी हटणार नाही.” तासाभरानं तिचं आलं. एकच शब्द. “नको.” म्हणजे सोडू नको.

मे अर्धा सरला. बाटल्या भरून, बुचं मारून, तोंडाला कापड बांधून खोलीत रांगेनं उभ्या. शेटचा फोन आला, आवाज मऊ. “वहिनी, तुमचा मान राखतो. पासपोर्ट कुरियर करतो, तुमच्या मिस्टरांच्या नावानं. डिसेंबरात तिला घरी पाठवतो, त्याआधी तुम्ही पासपोर्ट इकडे परत पाठवा. बस्स? आता माल सोडा.”

नवरा मागून मान डोलवत होता, घे, घे. मला पण वाटलं, जिंकलो की! सेफ, घरात, भावाच्या हातात. मी हो म्हणणारच होते. पण एकदा तिला विचारते म्हटलं आणि फोन ठेवला.

तिचं उत्तर असं आलं की मी ते दोनदा ऐकलं. इतक्या वर्षांत ती माझ्याशी त्या आवाजात बोलली नव्हती. “वहिनी, भावाच्या हातात नको. तुझ्याही नको. माझ्या हातात. आणि शेटला ‘तिला घरी पाठवा’ असं पण म्हणू नकोस. फक्त पासपोर्ट हातात द्या म्हण. पुढे मी कुठे जायचं ते मी बघेन.”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, मी मनात म्हटलं, यायचं तर घरीच आहे, मग एवढी ऐट कशाला? पण शेटला मी तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. “तिच्या हातात. बाकी मला काही नको.”

तीन दिवसांनी फोटो आला. कँटीनच्या मागच्या दाराशी ती उभी, ॲप्रन लावलेला, केस विस्कटलेले, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेला पासपोर्ट. मी ओरडले. खरंच ओरडले, शेजारची कुत्री भुंकायला लागली. नवरा फोटो बघून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी तिची खोली झाडली. गादी उन्हात टाकली. अंधेरीच्या कार्गोवाल्याला फोन केला, म्हटलं, उद्या गाडी पाठव, माल जाणार.

आणि संध्याकाळी तिचं आलं. लांबलचक. एका शाळेच्या किचनमध्ये तिला नोकरी मिळाली होती, तिकडेच, दुसऱ्या गावात. काँट्रॅक्ट संपलेल्याला आता मालक बदलता येतो, फक्त हातात पासपोर्ट हवा होता. राहायला स्वतःची खोली, कडी आतून लागणारी. ख्रिसमसला येईन म्हणाली, महिनाभर, आणि परत जाईन. “एक काम कर. तुझ्या कपाटात माझ्या कुकिंगच्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे, ओरिजिनल. शाळेला पंधरा दिवसांत दाखवायचंय. लगेच पाठव.”

नवरा म्हणाला, “येत नाही? मग माल कशाला सोडतेस? थांबव गाडी!”

मला पण तेच म्हणायचं होतं. गळ्यापर्यंत आलं होतं. हिच्यासाठी मी गिऱ्हाईक तोडलं, सहा वर्षांचं भांडण गिळलं, आणि ही बया तिकडेच राहणार? पण मी शेटला जे बोलले होते ते बोलले होते. “अट पासपोर्टची होती,” मी नवऱ्याला म्हटलं. “त्यानं दिला. आता माल अडवला तर मी लबाड.” सकाळी गाडी आली, बाटल्या गेल्या. एका बाटलीला मात्र मी कापड इतकं घट्ट आवळलं की फाटलं.

माल गेला. सर्टिफिकेट नाही गेलं.

मी विसरले नव्हते. कपाट उघडायची, ती फाईल बघायची आणि बंद करायची. तिच्या शाळेचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आधार, सगळं माझ्या कपाटात, माझ्या साड्यांखाली, किल्ली माझ्या कमरेला. ती माझ्या घरात होती तेव्हा तिला कुठलाही कागद हवा असला की मला मागायची, आणि मी म्हणायची, हातातलं काम होऊ दे, मग देते. मी तिला उत्तर पाठवलं, “ख्रिसमसला येणारच आहेस ना, ये आणि घेऊन जा.” ती म्हणाली, तोवर नोकरी राहणार नाही. मी म्हटलं, नाही राहिली तर घरी ये, घर काय पळून चाललंय?

तिनं उलट काही पाठवलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मी फोन घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तो माझाच मेसेज परत ऐकला, माझ्याच आवाजात, आणि मला शेट ऐकू आला. ईद होऊ दे. दुसरी कुक मिळू दे. ख्रिसमसला ये. तोच सूर, तीच माया, तसंच हसून.

शरमेनं मेले मी. जागच्या जागी.

उठले, कपाट उघडलं, अख्खी फाईल काढली. नुसतं सर्टिफिकेट नाही, सगळे कागद. तिचं होतं ते सगळं. कुरियरवाला म्हणाला, ओरिजिनल आहेत, नीट विचार करा हो, हरवले तर? मी म्हटलं, तिचे आहेत, हरवायचेच तर तिच्या हातून हरवू देत. त्यानं पाकीट बंद केलं, मी त्यावर तिचं नाव लिहिलं. घरी येताना रस्त्यातच रडू फुटलं, भर दुपारी, माशांच्या बाजारासमोर. ती मला हवी होती हो. भांडायला, मिरच्या निवडायला, माझ्या भाताला नाव ठेवायला. एवढी हवी होती हे मलाच माहीत नव्हतं. डोळे पुसले आणि तिला बोलून पाठवलं, “पाठवलंय सगळं. आता तुझं माझ्याकडे काहीच नाही. ख्रिसमसला यावंसं वाटलं तरच ये.”